दुसरी पाचर

ही गोष्ट सांगायची मी कितीतरी वर्षं टाळली. भास्करराव गेले त्याच्या तेराव्या दिवशी पारावर चार शब्द बोलायला मला उभं केलं, तेव्हाही टाळली. मोठ्या मनाचा माणूस होता, गावाचं नुकसान झालं, असं काहीबाही बोललो आणि खाली बसलो. गुरुजी बोलले म्हणजे खरंच असणार, अशा माना लोकांनी डोलावल्या. आता त्यालाही दीड महिना होत आला. माझं वय ऐंशीला टेकलं आहे. अजून लिहिता येतं, म्हणून लिहितो.

भास्करराव सरकारी नोकरीत इंजिनिअर होते. सगळी हयात पूल आणि कालवे बांधण्यात गेली. निवृत्त झाल्यावर बुलढाण्याला बंगला न बांधता ते मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावी परत आले. मी तेव्हा नुकताच शाळेतून मोकळा झालो होतो, त्यामुळे रोजचं उठणं-बसणं सुरू झालं. गावात निम्मी घरं धाब्याची, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत. दरवर्षी वरून माती टाकत गेल्यानं ते जड होत जातं आणि खालचं लाकूड उधई, म्हणजे वाळवी, खात असते. ज्यांच्या घरात करणारं माणूस नाही, अशांच्या घरी भास्करराव आपणहून जायचे. हातोडी, ओळंबा आणि एक जुनी पिशवी घेऊन. त्यांची एक रीत होती. आधी घरातल्या माणसाच्या हातात हातोडी द्यायचे आणि एकेक लाकूड ठोकायला लावायचे. "वाजवून पाहा, बाई. भरीव वाजलं तं जितं, पोकळ वाजलं तं मेलं. उद्या मी नसलो तं तुमालेच समजलं पाह्यजे." हाताखाली काम करायला मी बरोबर असायचोच. ती पाच-सहा वर्षं माझ्या म्हातारपणातली सगळ्यात चांगली वर्षं होती, हेही इथं नोंदवून ठेवतो.

गिरजाबाई आमच्या गल्लीतली. नवरा लवकर गेलेला, एक मुलगी, सुनंदा. तिच्या घराची मयाल, म्हणजे धाब्याचा सगळा भार पेलणारं मधलं आडवं लाकूड, आतून पोखरलेली निघाली. नवं लाकूड मिळेपर्यंत भास्कररावांनी खोलीच्या मधोमध एक टेकू उभा केला. टेकूच्या बुडाशी समोरासमोर दोन पाचरी ठोकल्या, म्हणजे एक सैल पडली तरी दुसरी धरून ठेवते. "याले कोनी हात लावू नोका," एवढंच सांगून ते लाकडाच्या शोधात मलकापूरला गेले.

दुसऱ्याच दिवशी निरोप आला की मेहकरचे पाहुणे सुनंदाला पाहायला येत आहेत. ते स्थळ मीच सुचवलं होतं. गिरजाबाई माझ्याकडे आली. "गुरुजी, घरात शिरल्या-शिरल्या तो टेकू दिसते. पाहुने म्हनतीन, पडक्या घरातली पोरगी. दोन तासापुरता काढता येईन काय?" मी नको म्हणायला हवं होतं. पण स्थळ माझं होतं, शब्द माझा होता... मी टेकू काढला. मोरीत आडवा ठेवला, पाचरी कोपऱ्यात टाकल्या. मयालीवरची उधईची माती पुसून तिला चुना फासला. पाहुणे आले, पोहे खाल्ले, मुलगी पसंत पडली. ते उठल्यावर टेकू लावायला गेलो तर एकच पाचर. दुसरी चहाच्या घाईत चुलीत गेली होती. मी एकच ठोकली. बसली घट्ट असं वाटलं. लाकूड आलं की दोन दिवसांत हे काढायचंच आहे, असंही वाटलं.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी अर्धं धाबं खाली आलं. गिरजाबाई सोयाबीन निवडत बसली होती. तिचा पाय मोडला, पुढे ती कायमची लंगडत चालली. मलकापूरहून नुकतेच परतलेले भास्करराव धावत आले. गल्ली जमली होती. त्यांनी आधी तिला गाडीत घालून दिलं आणि मग मातीत वाकून टेकूचं बूड शोधलं. बराच वेळ पाहत राहिले. "गुरुजी," ते म्हणाले, "दुसरी पाचर कुठी गेली?"

सगळे माझ्याकडे पाहत होते. खरं बोललो असतो तर टेकू का काढला तेही सांगावं लागलं असतं, आणि ठरलेलं लग्न तिथंच मोडलं असतं. हे खरं आहे. पण तेवढंच खरं नाही, मी भ्यालोही होतो. मी म्हणालो, "तुमी एकच लावली असन, साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग चुना फासलेल्या मयालीकडे पाहिलं. "असन," म्हणाले.

त्यांनी ते घर पंधरा दिवसांत पुन्हा उभं केलं. पण पारावरची तोंडं कोण धरणार? "कालवे बी असेच बांधले असतीन बे, एका पाचरीवर," कोणीतरी म्हणायचं आणि हशा पिकायचा. मीही तिथं बसलेला असायचो. कोणी त्यांना तोंडावर बोललं नाही, फक्त बोलावणं बंद झालं. एकदा शेजारच्या म्हाताऱ्याची फुगलेली भिंत त्यांना दिसली. ते हातोडी घेऊन गेले. तो म्हणाला, "राहू द्या साहेब, पाहू पुढच्या साली." भास्करराव त्या भिंतीवर हात ठेवून थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. त्यानंतर त्यांनी पिशवी बाहेर काढलेली मी पाहिली नाही.

सुनंदाचं लग्न झालं. महिन्याभरानं गिरजाबाई काठी टेकत आली. "आता सांगून टाका ना त्याइले, गुरुजी. मले घास गिळत नाई." मी म्हणालो, पाहू. ती वारली त्यालाही आता सात-आठ वर्षं झाली.

हे लिहिण्याआधी सुनंदाची परवानगी घ्यायला मी मेहकरला जाऊन आलो. तिची मुलं मोठी झाली आहेत. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "लिहा. माह्यं आता काय बिघडते? पन गुरुजी, मले इचाराले तुमी दोन एश्ट्या बदलून आले. त्याइचं घर तं तुमच्या गल्लीतच होतं."

गेलो होतो, हे मी तिला सांगितलं नाही. ते वारले त्याच्या महिनाभर आधीच गेलो होतो. भास्करराव खाटेवर बसले होते. कान अगदीच गेले होते. मी जवळ बसलो आणि म्हणालो, "साहेब, ते पाचरीचं... माहं चुकलं." त्यांनी कानाशी हात नेला. "काय म्हनता?" मी पुन्हा म्हणालो. त्यांना ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा म्हणायचं तर ओरडावं लागणार होतं. आत सून भाकरी थापत होती. ओट्यावर गल्लीतली दोन-तीन माणसं बसली होती. भास्करराव माझ्या तोंडाकडे पाहत वाट बघत होते.

"तब्येत कशी हाये, म्हनलं," मी ओरडलो.

"बरी हाये," ते म्हणाले, आणि मला नीट टेकून बसता यावं म्हणून थोडे सरकले.