ओढ्यातली घाण
ग्रामसभेत माईक पुरुषांतच फिरतो. सोजराबाईला त्याची गरज पडत नाही. अर्धं आयुष्य माळरानावर मेंढरांना हाळ्या देण्यात गेलेली ही धनगरीण कवठे येमाईच्या पलीकडच्या वाडीत घर बांधून, कांदा लावून स्थिरावली. पण थोडी मेंढरं तिनं ठेवलीच. मुलगा भैरू म्हणतो, लोकरीला आता कुत्रंही विचारत नाही, विकून टाकू. ती म्हणते, "आधी मला इक, मग मेंढरं इक."

उन्हाळ्यातल्या सभेत ती उठली ते ओढ्यासाठी. वरच्या ढाब्यांच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पिशव्या सगळ्या ओढ्यात येत होत्या आणि पिशवी खाऊन तिची एक मेंढी फुगून मेली होती. "आप्पा, ओढ्यातली घाण काढा!" ती ओरडली. सरपंच आनंदरावांनी मान डोलावली, टाळ्याही पडल्या.

मग जेसीबी आला. आणि त्यानं काय काढावं? पाण्याखालचं गवत! धोंड्याधोंड्यांत वाढलेलं, प्रवाहाबरोबर लोळणारं सगळं गवत मुळासकट खरवडून काठावर टाकलं. ताटल्या मात्र होत्या तिथंच; त्या म्हणे बकेटमधून निसटतात. म्हणजे पाण्यात जे हिरवं दिसेल ती घाण, आणि खरी घाण तशीच! वर जो तो सोजराबाईलाच ऐकवायला लागला, मागणी तुझीच होती.

खरं तर तिलाही त्या गवताचं कौतुक नव्हतं. पाय घसरला की तीही त्याला शिव्या हासडायची. पण कातरणीआधी मेंढरं धुवायची ती ओढ्याच्या त्याच उथळ उतारावर. मातीनं भरलेल्या लोकरीत कातर चालत नाही आणि लोकर अंगावर राहिली तर मेंढराला उवा पडतात. तिच्या सासूच्या काळापासून तिथलं पाणी मेंढराच्या पोटाला लागेल एवढं आणि शहाण्यासारखं वाहायचं. का, ते कुणी विचारलं नव्हतं.

ते दिवाळीच्या तोंडावर कळलं. पूर्वी गवतातून वाट काढता काढता पाण्याचा जोर मरायचा. आता ते थेट धोंड्यांवर आदळत होतं आणि प्रत्येक धोंड्यामागं गरगरत होतं. सोजराबाईनं पहिली मेंढी उतरवली आणि मेंढीचे पायच उचलले गेले. भैरूनं झेप घेतली, पण तोवर ती खडकावर आपटली होती. काठावर आणली तेव्हा तिची मान लोंबत होती. सोजराबाई रडली नाही. तिला संताप आला, आणि का येऊ नये? तिनं भैरूला सांगितलं, "जा, आप्पांना घिऊन ये."

आनंदराव आले ते परीटघडीच्या कपड्यांत. मेंढीकडे बघून चुकचुकले. "मागणी तुमचीच व्हती की, सोजराबाई. बघा, पानी कसं मोकळं झालंय."

"घाण काढा म्हनलं व्हतं म्या. गवत न्हाई."

"गवत काय, यील की परत. तवर जरा दम धरा."

"तवर मेंढरांनी काय करायचं? लोकर खाजवत बसायचं?"

आनंदराव मोबाइल काढून बघायला लागले. सोजराबाईचं डोकंच फिरलं. "मग उतरा, आप्पा."

"आँ?"

"गवत तुमी काढलं, तर गवताच्या जागी तुमी हुबं ऱ्हावा. माझा भैरू हुबा ऱ्हातोय, सून सविता हुबी ऱ्हातीया. तिसरं मानूस कमी पडतंय."

काठावर वाडी जमली होती आणि निवडणूक जवळ होती. आनंदरावांनी हसून बघितलं, पण दुसरं कुणी हसेना. शेवटी त्यांनी मोबाइल एकाकडे दिला, विजार गुडघ्यावर चढवली आणि ते उताराच्या वरच्या अंगाला भैरू-सविताच्या मधे जाऊन उभे राहिले. पाणी पोटऱ्यांवर आदळलं तसा त्यांनी भैरूचा दंड गच्च धरला.

त्यांच्यामागं पाणी जरा नरमलं. सोजराबाईनं दुसरी मेंढी आत घेतली आणि सावकाश, अगदी सावकाश तिची पाठ चोळायला घेतली.

"लई गार हाय वो पानी," आनंदराव म्हणाले. "किती येळ?"

सोजराबाईनं काठावरच्या कळपाकडं हात केला. "ती समदी हुईस्तोवर."