कानातली मोटर

वसमतच्या स्टँडमागं एक मिस्त्री शेतातल्या जळालेल्या मोटरी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. गावाचं नाव आणि हॉर्सपॉवर लिहिलेली चिठ्ठी बांधल्याशिवाय तो कशालाच हात लावत नसे. मी गेलो ते बाबांचं बंद पडलेलं कानाचं यंत्र घेऊन.

"किती हॉर्सपॉवरचं?"

मी चिडलो. "अहो, कानाचं हाये!"

"व्हय, पन काम तर करतं ना?"

त्यानं मीटर लावून दीड मिलिवॅट काढले. कानामागची पेन्सिल घेऊन त्याला आधी हजारानं, मग सातशे सेहेचाळीसनं भागलं. पॉइंटनंतर पाच शून्यं आली आणि मग दोनचा आकडा. चिठ्ठी भरून गेली. तो समाधानानं म्हणाला, "घोडा हाये भाऊ, पन लई दूर उभा हाये."

मग सुटलेली तार डाग देऊन जोडली. चिठ्ठी तशीच राहिली.

घरी बाबांनी ती वाचली. हॉर्सपॉवर लिहिलंय म्हणजे मोटर, आणि मोटर लाईनीशिवाय चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. तेव्हापासून लाईन गेली की ते यंत्र कानातून काढून ठेवायचे. आई तेवढ्यात त्यांच्याशी मनातलं सगळं बोलून घ्यायची, आणि लाईन आली की गप्प बसायची.