झंडी-मुंडीत जिंकत गेलेली बाई

ती घटना आठवली की आजही मान आपोआप झुकते. नोकरीत दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले. पण इतकी धीराची बाई पुन्हा पाहिली नाही.

मी तेव्हा बालाघाट जिल्ह्यात किरनापूरकडच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि मंडईच्या मागे झंडी-मुंडीचा फड बसतो. कापडावर सहा चित्रं, फाशांवरही तीच. लोक चित्रावर पैसे लावतात, फडवाला डब्यात फासे खुळखुळवून पाडतो. आम्ही हाकललं की ही मंडळी पुढच्या गावच्या मंडईत बस्तान मांडत.

त्या दुपारी खबऱ्याचा फोन आला. फडावर एक पन्नाशीची बाई सारखी जिंकत होती. असं कुणी जिंकू लागलं की फडवाल्यांची रीत ठरलेली असते. आधी चहा पाजून बोलण्यात गुंतवायचं, मग फासे बदलायचे, मग जागा बदलायला लावायची. एवढं करूनही बाई जिंकली, तेव्हा ती जादूटोणा करते अशी बोंब फडवाल्याने उठवली आणि तिचा व्हिडिओ मोबाईलवर फिरवला. आमच्या भागात बाईवर असा शिक्का बसला की गावात राहणं मुश्किल होतं, प्रसंगी जिवावरही बेततं. ठाण्याच्या रोजनामच्यात नोंद करून मी लगेच निघालो.

फडवाला, खेळणारे आणि ती बाई, सगळ्यांना ठाण्यात आणलं. मागोमाग गर्दीही फाटकाशी येऊन थांबली. गंमत म्हणजे बेकायदा जुगार चालवणारा इसमच, माझी फसवणुकीची तक्रार लिहून घ्या म्हणून माझ्या मागे लागला. जप्त केलेले फासे तपासले, तर एका बाजूने जड. म्हणजे लबाडी त्याचीच होती. तरीही बाई जिंकली कशी, ते कळेना. आणि ते गर्दीला पटवल्याशिवाय तिला घरी पाठवणं धोक्याचं होतं.

बाई शांत होती. खेळणाऱ्यांना बाहेर ओसरीत बसवलं होतं; आत फडवाला आणि शिपाई अशा पुरुषांमध्ये ती उघड्या डोक्याने बसली होती. मी समजावलं, थोडं दरडावलंही. बाहेर लोक तुम्हाला काय म्हणताहेत ते ऐकू येतंय ना, असं विचारलं. ती एवढंच म्हणाली, "म्हनू द्या."

मग एकेकाचे जबाब सुरू केले. एक तिशीतला इसम आत आला आणि आपण साधं गिऱ्हाईक असल्याचं सांगू लागला. त्याला पाहताच बाईने झटकन पदर डोक्यावर ओढला, उठली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मी इथलाच. सासू जावयापुढे असा पदर घेते, हे मला कुणी सांगायला नको होतं.

त्याला बाजूला घेऊन विचारलं, तसा तो पुरता कोसळला. तो फडवाल्याचाच माणूस होता. कोणतं चित्र पडणार त्याची खूण मालक करायचा आणि हा गिऱ्हाईक बनून त्यावर पैसे लावायचा. तो जिंकताना पाहून लोकांना मोह व्हायचा. घरी मात्र वारासिवनीला राईस मिलमध्ये नोकरी करतो असं सांगितलं होतं. सासूने त्याला फडावर पाहिलं, पदर तोंडावर ओढून गर्दीत मागे बसली आणि तो लावेल त्याच चित्रावर लावत गेली.

त्याच्याशी सरळ का बोलला नाहीत, असं मी तिला विचारलं.

"जावयासंगं तोंड वर करून कसं बोलाचं, साहेब? म्हटलं, याच्या मागं मागं लावत राहू. मालकाचं नुकसान झालं का थोच याले हाकलून देईन."

"आणि जादूचा आळ आला तेव्हा?"

"तवा सांगतलं असतं त लोकायनं त्याले मारलं असतं. मंग माया पोरीनं काय कराचं?"

जावई दाराआड ऐकत होता. तो स्वतःहून फाटकाशी चालत गेला. मी सोबत होतो. गर्दीपुढे हात जोडून म्हणाला, "माया सासूले काई जादू येत नाई. बेइमानी फडाची व्हती, अन् थे मी करत व्हतो." काहीजण त्याच्या अंगावर धावले, त्यांना शिपायांनी आवरलं. पण बाईचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

कायद्याने जुगाराचा गुन्हा तिच्यावरही होता, तो मी नोंदवला. जप्त झालेल्या पैशांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

चौकशीत कुणी गप्प बसलं की ते काहीतरी लपवतंय असं आम्ही धरून चालतो, आणि ते बहुतेकदा खरंही असतं. तीही लपवतच होती. पण माणूस स्वतःला वाचवायला गप्प बसतो, एवढंच मला तोवर माहीत होतं.