उकंडा अनाउन्सर गप्प बसतो

उमरखेडात एखादी गोष्ट घडली आणि ती उकंडानं माइकवरून सांगितली नाही, तर ती घडली यावर लोकांचा धड विश्वास बसत नाही. उद्या नळाला पाणी येणार नाही, अमक्याची म्हैस दावं तोडून पळाली आहे, तमक्याच्या मुलीचं लग्न वेळेवरच लागणार आहे, सगळं उकंडाच्या तोंडून. कुस्त्यांचा फड त्याचा, जयंतीची मिरवणूक त्याची, आणि निवडणुकीत तर सकाळी एका पक्षाचा ऑटो, दुपारी दुसऱ्याचा. सकाळी ज्याला 'गोरगरिबांचा कैवारी' म्हणायचा, त्याच्याच नावानं दुपारी 'भूलथापांना बळी पडू नका' म्हणताना त्याच्या आवाजात तसूभर फरक पडत नसे. प्रामाणिक माणूस. ज्याचा माइक, त्याचं बोलणं.

त्याच्या आधीची दोन भावंडं पाळण्यातच गेली होती, म्हणून हा जन्मल्याबरोबर त्याला उकिरड्यावर टाकून सुईणीकडून परत उचलून घेतला होता. असं टाकलेलं पोर मरणाच्या नजरेस पडत नाही, ही तेव्हाची समजूत. त्यावरून नाव उकंडा. सुईण मरेपर्यंत सांगायची, की पोरगं उकिरड्यावर असं बोंबललं, की पलीकडच्या वस्तीतली माणसं आग लागली समजून बादल्या घेऊन धावत आली. पुढची अठ्ठावन्न वर्षं ते बोंबलणं काही थांबलं नाही.

घरात माइक नव्हता, एवढाच काय तो फरक. बायको इंदूबाई हिनं लग्नाला बत्तीस वर्षं होऊनही एक वाक्य पूर्ण केलेलं नव्हतं. ती 'आज ना' म्हणे, आणि पुढचं वाक्य उकंडा पूर्ण करी, तेही चुकीचं. मग त्या चुकीच्या वाक्यावर तो अर्धा तास बोले. शेजारणी म्हणत, इंदूबाई स्वभावानं मोठी शांत. शांत कसली, बिचारीला पाळीच मिळाली नव्हती.

यंदाच्या निवडणुकीत मात्र तिसऱ्या प्रभागाच्या कोपऱ्यावर उकंडाचा आवाज 'आपला लाडका' एवढं म्हणून फाटला, आणि कोण लाडका हे शेवटपर्यंत कळलं नाही. नांदेडच्या डॉक्टरनं नाकातून बारीक कॅमेरा घालून घसा बघितला. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. डॉक्टर म्हणाला, एकवीस दिवस एक अक्षर बोलायचं नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं तर जास्त नुकसान. हे पाळलं तर आवाज येईल. नाही पाळलं तर ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर येईल तो आवाज तुमचाच असेल, याची हमी मी देत नाही.

उकंडा पार घाबरला. आवाज वजा केला तर आपल्यात उरतं काय, हा हिशेब त्यानं परतीच्या बसमध्ये मांडला आणि उत्तर काही बरं आलं नाही. एक बुटका, ढेरी सुटलेला, साठीकडे झुकलेला माणूस, ज्याला गावात कुणी नमस्कार करायचं कारण नाही. खिडकीकडे तोंड करून तो रडला, आणि रडतानाही आवाज निघू नये म्हणून उपरणं तोंडात कोंबून बसला.

घरी आल्यावर पाटी आणि पेन्सिल आली. पण तीस वर्षांची सवय. पाटीवरही तो अनाउन्सच करी. 'सर्व संबंधितांना कळविण्यात येते की, वांग्याच्या भाजीत मीठ कमी आहे. कृपया नोंद घ्यावी.' चौथी शिकलेली इंदूबाई एकेक अक्षर जुळवत हे वाचे आणि मीठ आणायला जाई. लोक मात्र दारात रीघ लावून. पाचव्या दिवशी बकरी हरवलेल्या एका माणसाला उकंडा कुजबुजून विचारत होता, 'रंग कोणता?', तेवढ्यात मुलगा प्रफुल्ल आला. तो यवतमाळजवळ लोहारा इथल्या कारखान्यात सुपरवायझर होता, आणि सुपरवायझर असल्यामुळे त्याला सगळ्यांचं भलं कळत असे.

"बाबा, तुमी इथं राहून गप्प बसत नाही," तो म्हणाला. "मी बुकिंग केली. तळ्याच्या काठी, डोंगरात. आठ दिवस. मायले बी घेऊन जा. तिथं कोनी बोलायलेच नाही."

फुलसावंगीच्या पुढं डोंगरात पाटबंधाऱ्याचा एक तलाव आहे. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, पाण्यात पाणकावळे, आणि वर्षानुवर्षं तिथं गुराख्यांशिवाय कुणी फिरकत नसे. म्हणजे खरोखर निवांत जागा होती. ती तशी राहू नये म्हणून भारत नावाच्या एका उत्साही माणसानं तिथं आठ तंबू ठोकले आणि 'निवांत लेक साइड कॅम्पिंग' अशी पाटी लावली. पाटीखाली आणखी एक पाटी, 'शांतता हीच खरी श्रीमंती'. त्या पाटीवर रात्रंदिवस एक झगमगता दिवा, आणि दिव्यासाठी झाडामागं जनरेटर.

"काका, इथं फक्त निसर्ग बोलतो," भारत स्वागताला म्हणाला. निसर्ग बोलत होता, पण जनरेटरच्या धडधडीत त्याचं काही ऐकू येत नव्हतं.

इंदूबाईनं तंबूत वाकून पाहिलं. "भुईवरच झोपाचं होतं त घरची भुई काय वाईट होती?" जेवायला चुलीवरची भाकर आली, तीही भारतनं देवाचा प्रसाद दिल्यासारखी दोन्ही हातांनी दिली. "घरी गॅस याले सात वर्सं भांडली मी," ती म्हणाली, "अन् हे पोट्टं चुलीचा धूर कौतुकानं दाखवून राह्यलं." उकंडाला यावर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. त्यानं पेन्सिल उचलली, पण तोवर इंदूबाई पुढच्या वाक्यावर गेली होती.

असं आधी कधी घडलं नव्हतं. तिची दोन वाक्यं लागोपाठ झाली. मग तिसरं झालं. ती स्वतःच दचकली आणि तळ्याकडे बघत बसली.

बरेच दिवस बंद असलेल्या हापशासारखं तिचं बोलणं होतं; आधी नुसती हवा, मग गढूळ, मग धार. पहिल्या दिवशी शेजारणीची गाऱ्हाणी. दुसऱ्या दिवशी तिच्या माहेरची विहीर, तिचा बाप, तिला आवडायची ती पिवळी बाहुली. तिसऱ्या दिवशी तिनं उकंडाची नक्कल केली. 'बंधूंनो आणि भगिनींनो' असं ती त्याच्याच ठसक्यात म्हणाली, आणि उकंडा हसू दाबता दाबता उलटा पडला. आपल्या बायकोला नकला येतात, हे त्याला बत्तीस वर्षांत कळलं नव्हतं. पाटी तंबूतच राहू लागली. सकाळी दोघं काठावरच्या खडकावर जाऊन बसत, ती बोले, तो ऐके. ऐकणं हा प्रकार आपल्याला जमतो आणि त्यात मजाही असते, या शोधानं तो चक्रावून गेला. खरं सांगायचं तर त्या पाच दिवसांत तो बायकोच्या प्रेमात पडला. उशीर झाला होता, पण पडला.

सहाव्या दिवशी शनिवार होता. दुपारी नांदेडकडून तीन गाड्या भरून माणसं आली. निवांतपणासाठी आली होती, म्हणून येताना कमरेएवढा स्पीकर घेऊन आली होती. भारत हरखून इकडून तिकडे पळत होता, तंबूंच्या मधल्या मोकळ्या जागेत खुर्च्या मांडत होता. उकंडा आणि इंदूबाई खडकावर. ऊन उतरत होतं.

"एक सांगाचं राह्यलंच," इंदूबाई म्हणाली. "सांगू का?"

उकंडानं मान हलवली.

"प्रफुल्ल दोन वर्साचा होता. मी पेटी भरली, पोराले कडेवर घेतलं अन् स्टँडवर गेलती. पुसदची गाडी लागलती. खिडकीजवळ बसली. तिकीट बी काढलं. वापस याचं नाही, असं ठरवूनच बसलती मी."

उकंडाच्या हातातला खडा पाण्यात टाकायचा राहून गेला.

"तुमी मारत नवते, पेत नवते. पन मी घरात आहो, हे तुमाले ठाऊकच नवतं. सहा दिवस ताप होता मले. सहाही दिवस तुमी मले मिरवणुकीचं भाषन ऐकवलं." हे ती रागानं म्हणाली नाही, कुणा तिसऱ्या बाईचं सांगावं तसं म्हणाली. "मंग गाडी सुटली. नाक्याच्या पुढं गेली. अन् मी कंडक्टरले म्हटलं, थांबवा. पेटी डोक्यावर घेऊन पायी वापस आली. तुमी इचारलं बी नाही, कुठं गेलती म्हून." ती त्याच्याकडे वळली. "मी काहून उतरली, सांगू?"

आपला सगळा संसार एका थांबलेल्या बसवर उभा आहे, आणि ती का थांबली हे आपल्याला आता, या वयात, कळणार आहे. त्यानं दोन्ही हात जोडले. सांग.

"मी उतरली, काहून का—"

"हॅलो. चेक. हॅलो, हॅलो." मागं स्पीकर किंचाळला. भारतच्या हातात माइक होता. "तर मंडळी... अं... आता आपण... अं... हौजी खेळणार आहोत. बसून घ्या ना यार. हां. नंबर... अं... नऊ. नऊ नंबर. झालं का?"

उकंडाच्या मानेवर काटा आला. माइक तोंडाला चिकटवलेला, प्रत्येक शब्दामागं फुस्स, आणि 'नऊ' हा शब्द तर असा मेल्यासारखा, की ज्याच्या तिकिटावर नऊ होता त्यालाही आनंद झाला नसता. "नंतर... अं... सोळा." लोक आपसांत बोलत होते. एकजण मोबाइल बघत होता. उकंडाच्या डोळ्यांसमोर एक कार्यक्रम पडत होता, आणि तो वाचवणारा एकमेव माणूस खडकावर हात जोडून बसला होता.

इंदूबाई थांबली होती. ती त्याच्या तोंडाकडे बघत होती.

उकंडानं तिला दोन बोटं दाखवली. दोन मिनिटं. आणि तो उठला.

भारतच्या हातातून त्यानं माइक कधी घेतला, हे भारतलाही कळलं नाही. "नऊऊऊ! नवरीचे हात मऊ!" अकरा दिवसांची विश्रांती घेतलेला आवाज तळ्यावरून गेला आणि समोरच्या डोंगरावर आपटून परत आला. पाणकावळे उडाले. "सोळा! वरातीत सारे व्याही गोळा! पंचाहत्तर! घ्या कानाला लावा अत्तर!" खुर्च्या वळल्या, टाळ्या पडल्या, मोबाइल खिशात गेले. दोन मिनिटांचा दीड तास झाला. हौजीनंतर संगीत खुर्ची झाली, संगीत खुर्चीनंतर बक्षीस वितरण, आणि बक्षीस द्यायला पाहुणे कोण, तर उकंडाच. शेवटी त्यानं 'निवांत'च्या शांततेवर पंधरा मिनिटांचं भाषण केलं. भारतनं त्याला टॉवेल दिला आणि म्हणाला, काका, दर शनिवारी येत जा.

टॉवेल खांद्यावर टाकून तो आला, तेव्हा तंबूची चेन लागलेली होती. उकंडा खाली बसला. "हं, सांग आता," त्याला म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण गळ्यातून नुसती खरखर आली.

"झोपा," आतून इंदूबाई म्हणाली.

नांदेडच्या डॉक्टरनं यावेळी आवाज चढवला, एका तरी माणसाला तो चढवता येत होता. गाठींतून रक्त आलं होतं. आता तीन महिने पूर्ण मौन, मग ऑपरेशनचं बघू, आणि पुन्हा माइक हातात धरायची स्वप्नं बघू नका. बातमी गावात पसरायला पहिल्यांदाच दोन दिवस लागले, कारण ती सांगणारा नव्हता. पुढच्या लग्नसराईसाठी लोकांनी एक तरणा अनाउन्सर शोधला. तो माइक तोंडाला चिकटवून बोलतो, आणि कुणाचं काही बिघडलेलं नाही.

उकंडा आता घरी असतो. इंदूबाई तूर निवडते, भांडी घासते, दारात बसते. बोलत नाही. शेजारणी पुन्हा म्हणतात, मोठी शांत बाई. तो दिवसभर तिच्या आसपास घुटमळतो. ती स्वयंपाकघरात गेली की तोही जातो आणि ती बाहेर आली की तोही येतो. गप्प बसून ऐकायची त्याची पूर्ण तयारी आहे. इतकी तयारी त्याच्या आयुष्यात कधी नव्हती.

या नव्या मौनाला एकवीस दिवस झाले त्या दिवशी त्यानं पाटीवर लिहिलं. यावेळी 'कळविण्यात येते' नाही, 'नोंद घ्यावी' नाही. 'बसमधून काहून उतरली?' एवढंच. पाटी त्यानं तिच्यासमोर धरली.

इंदूबाईनं अक्षरं जुळवत वाचलं. तिला वेळ लागला. मग तिनं पदराच्या टोकानं पाटी पुसली आणि ती त्याच्या हातात परत दिली.

"थे तवा ठाऊक होतं मले," ती म्हणाली. "आता आठवत नाही."