पिशवीतला नारळ

आमच्या कोपरखैरण्यातला स्पीकरवाला मशीनपुढे नारळ फोडल्याशिवाय बटण दाबत नसे. मग हळद असो की गणपती, खुशाल खुर्चीत पेंगायचा.

एकदा वाशीच्या मोठ्या मैदानात ख्रिस्ती रॉक गाण्यांचा कार्यक्रम होता, त्याचं काम त्याला मिळालं. मीही गेलो होतो. स्टेजवर भलामोठा क्रूस, समोर फादर; नारळ फोडू का, हे विचारायची त्याची हिंमत झाली नाही; नारळ पिशवीतच राहिला. गिटारी कडाडल्या, पोरं येशूच्या नावानं नाचू लागली. हा मात्र तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा मशीनवर हात ठेवून उभा. दर गाण्याला मला विचारायचा, "खरखरतंय का रं?"

काहीच बिघडलं नाही. वायरी गुंडाळताना तो पुटपुटला, "नारल नाय फोडला, तरी वाजला."

पुढच्या हळदीला त्यानं दोन नारळ फोडले. पेंगला मात्र नाही.