एकतिसाव्या मजल्यावरचा धीर

नाडकर्णी साहेब एकतिसाव्या मजल्यावर रेलिंगला पाठ टेकून, दोन्ही हात पसरून क्लायंटला पवईचा तलाव दाखवत होते. अकरा महिन्यांत हा माणूस चौथ्या मजल्याच्या वर गेला नव्हता.

मी सेफ्टी ऑफिसर. कांजूरमार्गला आमच्या टॉवरचं काम चालू होतं आणि नाडकर्णी तिथले प्रोजेक्ट मॅनेजर, म्हणजे साइटचे राजे. त्यांना उंचीची भीती वाटायची. यात लाजण्यासारखं काही नाही. मला पालीची वाटते. पण मी पालींची प्रोजेक्ट मॅनेजर व्हायला गेले नाही. साहेब वरच्या मजल्यांचे फोटो मोबाइलवर मागवायचे आणि 'पाहणी केली, ओके' असा शेरा मारायचे. हे सगळ्या साइटला ठाऊक होतं. हेड ऑफिसला नव्हतं.

आता फुंकणीबद्दल सांगते. साइटवर रोज सकाळी आठला सगळ्यांना उभं करून आज काम काय, धोका कुठे, हे दहा मिनिटं समजावायचं असतं. त्याला टूलबॉक्स टॉक म्हणतात. त्याच वेळी उंचावर जाणाऱ्या प्रत्येकाने ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये फुंकर मारायची. ट्रॅफिक पोलिसांकडे असतं तसलंच मशीन. श्वासातली दारू मोजतं आणि आकड्याची चिठ्ठी काढून देतं. लेबरने त्याचं नाव फुंकणी ठेवलं होतं. गाडी चालवणाऱ्याला कायदा तीसपर्यंत सोडतो, आमच्याकडे शून्य. नियम नाडकर्णींनीच केलेला. गेटवर त्यांच्या फोटोसकट भला मोठा बोर्ड होता: 'झीरो टॉलरन्स'.

नियमात 'प्रत्येकाने' असं लिहिलं होतं. पण स्टाफची सकाळ दहाला उजाडायची. त्यामुळे फुंकणी स्टाफपर्यंत कधी पोचलीच नाही, आणि मीही ती कधी नेली नाही. साहेबलोकांच्या तोंडापुढे मशीन कोण धरणार? ही माझी चूक, आधीच कबूल करते.

क्लायंट आला तो गुरुवारी. त्याच आठवड्यात सोमवारी हरी कोळीचा आकडा नऊ आला होता. हरी आमचा रिगर, म्हणजे क्रेनला माल बांधणारा. माहुलचा, होडीवर वाढलेला. खाडीत पुरेशी मासळी मिळेना म्हणून साइटवर आला, पण दोराची गाठ त्याच्या हातातच होती. त्याने बांधलेला माल मी नियम म्हणून तपासायचे, शंका म्हणून कधीच नाही.

"मॅडम, खोटा कशाला बोलू?" तो म्हणाला. "काल पुतनीची हलद होती. दोन ग्लास घेतले."

पहिल्यांदा सापडलेल्या माणसाला त्या दिवशी घरी पाठवायचं, समज द्यायची आणि दुसऱ्या दिवशी कामावर घ्यायचं, अशी पद्धत. मी तसाच रिपोर्ट दिला. नाडकर्णींनी त्यावर लाल पेनने लिहिलं, 'टर्मिनेट'. क्लायंटची व्हिजिट तोंडावर आली होती, त्यांना कडक दिसायचं होतं.

मी भांडले. "साहेब, नऊ वर्षं हा माणूस क्रेनखाली काम करतोय. एकदाही बोट दाखवावं असं काही केलेलं नाही."

"कांबळे मॅडम, दारू आणि हाइट. नो कॉम्प्रमाइज." साहेबांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

हरीच्या दोन मुली कॉलेजला. घरात कमावणारा तो एकटा. आणि त्याला घालवणाऱ्या रिपोर्टवर सही माझी. तीन दिवस मला घास गोड लागला नाही.

तर गुरुवार. क्लायंट म्हणजे श्रॉफ साहेब, सत्तरीचे, काटक. काचेचं पहिलं मोठं पॅनल क्रेनने वर चढताना त्यांना बघायचं होतं, तेही टेरेसवरून, आणि प्रोजेक्ट मॅनेजरनेच सगळं समजावून सांगावं अशी त्यांची इच्छा. नाडकर्णी वीस मिनिटं पार्किंगमध्ये स्वतःच्या गाडीत बसून होते. उतरले ते वेलदोडे चघळत. चाल अशी ऐटबाज की मला वाटलं, प्रमोशन मिळालं.

वर वारा सुटला होता. टॉवर क्रेनवर वारा मोजायचं यंत्र असतं. ठरलेल्या आकड्याच्या वर वारा गेला की माल उचलायचा नाही, काच तर नाहीच. काच वाऱ्यात शिडासारखी फिरते. क्रेन ऑपरेटर वॉकीटॉकीवर म्हणाला, "साहेब, हवा लिमिटच्या वर गेलीय. दुपारी उचलूया."

"अरे, तू काय हवामान खातं आहेस काय? उचल! क्लायंटसमोर इज्जत काढतोस माझी?"

"साहेब, पण..."

"माझी ऑर्डर आहे!" असं म्हणून साहेबांनी आपल्या हार्नेसचा हूक दोरावरून सोडवला. हार्नेस म्हणजे पडलो तर धरून ठेवणारा पट्टा. "हे पट्टे लेबरसाठी असतात, श्रॉफसाहेब. आपण काय, इथेच आयुष्य घालवलंय."

खाली पॅनलभोवती पाच माणसं उभी होती. हरीच्या जागी आलेला रिगर दोन दिवसांचा नवखा. मी साहेबांच्या हातातून वॉकीटॉकी अक्षरशः हिसकावला. "क्रेन बंद. सेफ्टी बोलतेय. पॅनलजवळून सगळे मागे व्हा." काम थांबवायचा अधिकार सेफ्टी ऑफिसरला असतो. तो वापरायला मी एवढी कधीच उत्सुक नव्हते.

मग साहेबांचा हूक परत अडकवायला जवळ गेले, तर वेलदोड्याच्या आडून दुसराच वास. मशीन माझ्या बॅगेत होतं.

"साहेब, एक फुंकर मारा."

"कोणाशी बोलताय तुम्ही?"

"गेटवर फोटो ज्यांचा आहे, त्यांच्याशी."

साहेब लालबुंद झाले. पण श्रॉफ पुढे आले. "अरे, रूल छे तो रूल छे. पहिले मेरा लो." त्यांनी जोरात फुंकर मारली. शून्य. आता साहेबांना पळायला वाट राहिली नाही, कारण वाट एकच होती आणि ती एकतीस मजले खाली जात होती. त्यांनी फुंकलं.

एकाहत्तर.

श्रॉफांनी चिठ्ठी चष्म्याखाली धरून वाचली. "ओहो. डच करेज."

दारू पोटात गेल्यावर जे धैर्य येतं त्याला इंग्रज 'डच करेज' म्हणतात, असं त्यांनी मला समजावलं. इंग्रज भलतेच हुशार. भीती स्वतःची, बाटली स्वतःची, आणि नाव शेजाऱ्याचं. आपल्याकडे याला नुसतं 'चढलीय' म्हणतात, कुठल्याही देशाची बदनामी न करता.

उतरताना होइस्टमध्ये, म्हणजे साइटच्या उघड्या जाळीच्या लिफ्टमध्ये, अठराव्या मजल्याच्या आसपास साहेबांचं धैर्य संपलं. ते मटकन खाली बसले, डोळे गच्च मिटले आणि माझ्या हार्नेसचा पट्टा दोन्ही हातांनी धरला. "मॅडम, किती राहिले?" प्रत्येक मजल्याला तोच प्रश्न. मला क्षणभर कीव आली. मग हरी आठवला आणि कीव गेली. मी सावकाश, एकेक आकडा मोठ्याने सांगत गेले.

दुसऱ्या दिवशी अंधेरीच्या हेड ऑफिसला बोलावणं आलं. टेबलापलीकडे एचआर हेड आणि कंपनीचे व्हीपी.

"मॅडम, आम्ही चौकशी केली," एचआर हेड गोड आवाजात म्हणाल्या. "तुमचं मशीन फॉल्टी आहे. साहेबांनी खोकल्याचं औषध घेतलं होतं, मशीनने भलताच आकडा दाखवला."

"मशीन मागच्याच महिन्यात तपासून आलंय."

"तरी फॉल्टी निघू शकतं ना? तसं एक पत्र तयार आहे. तुम्ही फक्त सही करा."

मी पत्र वाचलं. 'या आठवड्यातील रीडिंग्ज अविश्वसनीय आहेत.' दोनदा वाचलं. मग मी म्हणाले, "करते सही. म्हणजे सोमवारचं रीडिंगही चुकीचं."

"सोमवारी काय होतं?"

"हरी कोळी. याच मशीनवर नऊ. त्याला तुम्ही काढलंत."

"तो वेगळा विषय आहे."

"विषय वेगळा असेल. मशीन एकच आहे."

व्हीपी इतका वेळ मोबाइलमध्ये होते. त्यांनी मान वर केली. "मॅडम, तुम्हाला नक्की काय पाहिजे?"

"एकतर दोघे प्यायले होते, नाहीतर दोघेही प्यायले नव्हते. तुम्ही सांगाल तसं मी लिहिते. चिठ्ठीची एक कॉपी श्रॉफ साहेबांकडेही आहे."

व्हीपींनी मोबाइल टेबलावर उपडा ठेवला. मग व्हीपी म्हणाले, "घ्या त्याला परत."

मी सही केली. खोट्या कागदावर, पूर्ण शुद्धीत. त्याचा अभिमान नाही, पण दुसरा रस्ता मला दिसला नाही.

नाडकर्णींची बदली हेड ऑफिसला झाली. सध्या ते कंपनीत 'सेफ्टी कल्चर' या विषयावर ट्रेनिंग देतात. ट्रेनिंग रूम तळमजल्यावर आहे.

सोमवारी सकाळी आठला हरी गेटवर हजर. मी त्याच्यापुढे एचआरचा फॉर्म ठेवला. 'माझे रीडिंग मशीनच्या दोषामुळे आले होते, मी मद्यपान केलेले नव्हते', खाली सही.

हरीने वाचलं आणि पेन खाली ठेवलं. "मॅडम, मी पिलेलो. हलदीला सारा कोलीवारा होता, सगल्यांनी बगलाय. असा कसा लिवून देऊ?"

"हरी, या गोष्टीत आमच्या सगळ्यांच्या सह्या झाल्यात. तू एकट्याने खरं बोलून काय करणार आहेस? मुलींचा विचार कर, बाबा."

हरी गेटवरचा चहा प्यायला. मग सही केली, आणि सहीखाली मराठीत एक ओळ लिहिली: 'मी हलदीत पिलेलो. परत पिऊन येनार नाय.' मी फॉर्म तसाच एचआरला पाठवला. तिथे सही आहे एवढं बघून तो फाइलला लागला. ओळ कोणी वाचलीच नाही.

त्या फाइलमध्ये तेवढी एकच ओळ खरी आहे. आणि ती लिहिणाऱ्याच्या पोटात त्या वेळी फक्त चहा होता. खात्री आहे, कारण फुंकणी मी स्वतः धरली होती.