सासूबाई कारखान्यासाठी जागा बघतात

पुणे स्टेशनावर पाय ठेवताच सासूबाईंनी जाहीर केलं, "मी नुसती पाहायला आली आहे. कारखाना अकोल्यातून हलणार नाही."

आमचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक शेड, चार प्रेस आणि त्यांवर स्कूटरची रबरी सील काढणाऱ्या डझनभर बाया. सासरे गेल्यापासून मालकीण सासूबाईच. उदारीकरणाने बाजारात नव्या गाड्या आल्या आणि आमचा माल घेणारी पुण्याची कंपनी तगादा लावू लागली : जवळ या, नाहीतर आम्ही दुसरा बघतो. ह्यांना प्रेस सोडून निघता येईना. म्हणून पुण्याच्या बाजूची मी आणि विरोधातल्या सासूबाई, असं आमचं शिष्टमंडळ निघालं. कंपनीला दाखवायचा नव्या सीलचा पोलादी साचा (ह्या धंद्यात त्याला डाय म्हणतात) पिशवीत होता.

मुक्काम बिबवेवाडीत, सासूबाईंच्या मावसबहिणीकडे. तिचा मुलगा नुकताच सॉफ्टवेअरमध्ये लागलेला. तो रात्री अमेरिकेशी बोलायचा आणि दिवसा कोणाशीच नाही.

पहिल्या दिवशी जागेच्या दलालाने आम्हाला चाकणकडे नेलं. उघडा माळ, कडेला हरभरा, लांबवर डोंगर. दलाल हात पसरून म्हणाला, "हायवे समोर, वीज दारात, पाणी भरपूर. अजून काय पाहिजे?"

सासूबाईंनी बांधावर बसलेल्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबा, पाणी आहे का इथं?"

"हाय की. पावसाळ्यात लई हाय."

दलालाने टोपी सारखी केली. परतीच्या वाटेवर सासूबाई फारच प्रसन्न होत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कंपनीत भेट होती. सकाळ मोकळी, म्हणून त्यांना मार्केट यार्डात कांद्याचा भाव बघायचा होता. का, ते विचारायचं नसतं. तिथूनच पुढे कंपनीत जायचं म्हणून साच्याची पिशवी माझ्या हातातच होती. पोत्यांच्या थप्प्यांमधून चालताना मागून "बाजूला, बाजूला" करत एक हातगाडी आली. मी अंग चोरलं, पण पिशवी चोरायची राहिली. ती फरशीवर आपटली. उघडून पाहिलं तर साच्यातली एक पिन वाकलेली.

अकोल्यात असं काही झालं की साचा मुंबईला पाठवायचा आणि आठवडाभर वाट बघायची. इथे हातात जेमतेम अर्धा दिवस होता आणि कंपनीचं काम गेलं तर आमच्या शेडला कुलूपच लागलं असतं. सासूबाई तेवढ्या शांत. "रिक्षावाल्याला विचार," म्हणाल्या.

रिक्षावाल्याने आम्हाला बिबवेवाडीच्याच एका गल्लीत सोडलं. राहत्या घराच्या खालच्या खोलीत साळवे नावाचे गृहस्थ लेथ चालवत होते. मोठ्या कारखान्यातली नोकरी सोडून त्यांनी हे थाटलं होतं. भिंतीवर बुद्धांची तसबीर होती, तिला ताजा हार.

"अहो, आज दुपारी आमची मीटिंग आहे," मी म्हणाले.

"माझी नाहीये," साळवे म्हणाले. पण पिन निरखत त्यांनी चालू काम बाजूला ठेवलंच. "नवीच करावी लागेल. पोलाद शेजारच्या दुकानातून आणा. बघत काय उभ्या राहिलात?"

मी पोलाद आणलं, त्यांनी पिन कातली. ती भट्टीत कडक करायला गल्लीच्या टोकाला, मग घासायला समोरच्या शेडमध्ये. प्रत्येक ठिकाणी साळव्यांचं नाव सांगितलं की पुढचा माणूस कपाळाला आठ्या घालायचा आणि काम हातात घ्यायचा. ह्या दारातून त्या दारात पिन घेऊन सासूबाईच हिंडत होत्या. मला त्यांनी हात लावू दिला नाही. मधे साळव्यांच्या पत्नीने आम्हाला भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाऊ घातली. "आमच्यापेक्षा तिखट कमी आहे," सासूबाई म्हणाल्या, आणि दुसरी भाकरी घेतली.

कंपनीतल्या तरुण अधिकाऱ्याने साचा उलटसुलट करून पाहिला. त्याला काहीच खटकलं नाही. मी सुटकेचा श्वास सोडते आहे तोच सासूबाई म्हणाल्या, "सकाळी मोडला होता. तुमच्या गावानंच नीट करून दिला."

तो हसला. "म्हणूनच म्हणतो, इकडे या. आम्हाला आता साठा नको असतो. सकाळी मागितलेला माल दुपारी हवा."

बाहेर आल्यावर त्यांनी रिक्षाला हात केला. मग म्हणाल्या, "साळव्यांच्या शेजारची खोली रिकामी आहे. एक प्रेस इकडे आणू. साचे इथं होतील, घाईचा माल इथं निघेल. बाकी सगळं अकोल्यात. मी राहते इथं."

"आई, तुम्हाला तर अकोला सोडायचं नव्हतं."

"मी कुठं सोडून राहिली? तिकडे तू आहेस ना."

परतीच्या गाडीत मी एकटी. कारखानदार पुण्यालाच का येतात, हे मी घरच्यांना पटवून द्यायचे : रस्ता, वीज, मुंबईचं बंदर जवळ. सगळं खरं. पण सासूबाईंना जिंकलं ते त्या गल्लीने, जिथे एकाचं अडलं की दुसरा कुरकुरत का होईना, हातातलं काम बाजूला ठेवतो. आणि आमच्या बाया? त्यांची घरं, पोरांच्या शाळा, सगळं अकोल्यात. त्यांना उचलून चाकणच्या माळावर ठेवायचं, हे मी इतके दिवस किती सहज बोलत होते.

शेडमध्ये शिरले तर सगळ्या कामं थांबवून उभ्या. "मोठ्या बाई कुठं आहेत?" सिंधूने विचारलं. ती सगळ्यांत जुनी.

"पुण्यात. तिथे एक प्रेस चालवणार आहेत. बाकी शेड इथेच."

सगळ्यांचे चेहरे सैल झाले. सिंधू पदराने तोंड पुसत म्हणाली, "मग आमच्यावर ओरडणार कोण?"

मी कमरेवर हात ठेवून ओरडून पाहिलं. एकीनेही दाद दिली नाही. सिंधूच म्हणाली, "येईल, येईल हळूहळू," आणि प्रेसचा खटका खाली ओढला.